प्रवेश मोफत आहे म्हणे!

इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा. अजून खाली. बदामाच्या झाडाखाली ते डोमिनोचं टेबल दिसतंय ना, त्याच्या तोकड्या पायाखाली जो काळा चपटा डबा सारलाय, तो बोलतोय. राउटर आहे मी. होतो म्हणा हवं तर. एकेकाळी या अख्ख्या गल्लीचं इंटरनेट माझ्या पोटातून जायचं. आता माझ्यामुळे टेबल डगमगत नाही, एवढीच काय ती माझी समाजसेवा.

घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. पण बोलायची इच्छा फार दिवसांची आहे. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं, स्वतःचं म्हणून एक अक्षर नाही.

जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखीच हजारो भावंडं रांगेत पडलेली. कौतुक वगैरे काही नाही. पोटावर एक चिकटपट्टी मारली, तिच्यावर भलामोठा पासवर्ड छापला आणि खोक्यात कोंबलं. मग जहाज, मग गोदाम, मग या बेटावरच्या इग्वेय गावातला एक वायरमन मला मोटरसायकलवर मांडीत घेऊन या गल्लीत आला. नेरेइदाच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर एक खिळा ठोकला आणि मला लटकवलं. एका बाजूला टांगलेलं सलामी सॉसेज, दुसऱ्या बाजूला आल्ताग्रासियाच्या माउलीची, म्हणजे इथल्या मेरीमातेची, तसबीर. लोक दुकानात शिरताना छातीवर क्रूस करायचे तो तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला कधी नीटसं कळलं नाही. लाईट गेल्यावर मात्र माझ्याकडे बघून करायचे, एवढं नक्की.

नेरेइदा म्हणजे दुकानाची मालकीण. असल्या दुकानाला इथे कोलमादो म्हणतात. तेल, तांदूळ, कच्ची केळी, थंडगार बिअर, डोकेदुखीची गोळी आणि गल्लीतल्या बातम्या, सगळं इथे सुटं मिळतं. मला लावलं त्या दिवशी नेरेइदानं जाहीर केलं, "पासवर्ड फक्त गिऱ्हाइकाला. काहीतरी विकत घ्यायचं, मग फुकट वापरायचं." पहिला गिऱ्हाईक वास्कर न्हावी. त्यानं एक अंडं घेतलं. संध्याकाळपर्यंत पासवर्ड गल्लीच्या टोकापर्यंत पोचला, अंडं तेवढं एकच खपलं.

तेव्हापासून मी सगळ्यांचाच. कुणी फोन उंच धरून दारात उभं राहायचं, कुणी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून बसायचं. आतला मजकूर मला वाचता येत नाही म्हणतात. म्हणोत बापडे. मला वाचायची गरजच कुठे होती? इथे प्रत्येक जण आलेला निरोप मोठ्यांदा वाचतो, दोनदा, आणि न आलेल्या निरोपाबद्दल त्याहून मोठ्यांदा बोलतो.

तर, एलिहिओ. हा आमच्या गोष्टीतला शूरवीर. जन्मभर त्यानं ग्वाग्वा चालवली, म्हणजे तुमच्याकडची वडापच. नंतरची बरीच वर्षं विमानतळावरून पाहुण्यांना समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात सोडायची नोकरी केली. पुढच्या दाराशी गाडी लावायची, गोऱ्या पाहुण्यांच्या बॅगा उतरवायच्या, तिथला पोऱ्या त्यांच्या हातात छत्री खोचलेलं थंड सरबत द्यायचा, की हा गाडी वळवून परत. त्याच हॉटेलात त्याची बायको क्रुसिता चादरी धुवायची. ती पहाटे कामगारांच्या बसनं जायची, मागच्या दारानं आत शिरायची आणि मागच्याच दारानं बाहेर पडायची. बाहेर पडताना रोज तिची पिशवी तपासायचे, टॉवेल-बिवेल नेतेय की काय म्हणून. नवऱ्यानं आणलेले पाहुणे बायकोनं धुतलेल्या चादरींवर झोपायचे, आणि या दोघांची तिथे एकदाही गाठ पडली नाही.

"समुद्र काय, मी रोज बघायचे की," क्रुसिता म्हणायची. "चादर झटकली की वाळू पडायची. तोच माझा समुद्र."

ती निवृत्त झाली त्या दिवशी हॉटेलवाल्यांनी तिचा सत्कार केला. काय दिलं असेल? टॉवेल! त्यांचं नाव विणलेला. आणि निघताना दारावरच्या माणसानं सवयीनं तिची पिशवी तपासली. माझे चारही दिवे तेव्हा लाल झाले होते, पण ते लाईट जाऊन आल्यामुळे असतील.

एलिहिओनं तिला फार पूर्वी शब्द दिला होता. "अगं म्हातारे, एक दिवस तुला त्या पुढच्या दारानं आत नेतो की नाही बघ." तेव्हा ती म्हातारी नव्हती, आता गुडघ्यांनी खरंच म्हातारी झाली. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात घराचं छप्पर होईल, त्यामुळे शब्द तसाच राहिला. ती कधी आठवण करून द्यायची नाही. तेच त्याला जास्त टोचायचं, असं तो वास्करला दाढी करताना सांगायचा.

आणि मग एके दिवशी माझ्यातून ती जाहिरात आली. वाहवा! काय ते रंग, काय ती सोन्याची अक्षरं! 'पोकरची ऑनलाइन स्पर्धा! प्रवेश मोफत! पहिल्या क्रमांकाला समुद्रासमोरची खोली, दोघांसाठी!' आणि हॉटेल कोणतं? तेच.

एलिहिओनं ती मोठ्यांदा वाचली. दोनदा.

"पोकर येतं का तुला?" नेरेइदानं विचारलं.

"डोमिनो खेळणाऱ्याला सगळं येतं."

डोमिनोत त्याचा हात कुणी धरत नाही, हे खरं आहे. पण पत्त्यांत राजा कुठला आणि गुलाम कुठला हे तो मिश्या बघून ठरवायचा. वास्करनं त्याला शिकवलं. दोन पानं आपल्या हातात झाकलेली, पाच सगळ्यांसमोर उघडी, त्यांतून ज्याची जुळणी भारी तो जिंकला. आणि पैज लावायची चकत्यांनी. एलिहिओ म्हणाला, "एवढंच ना? मग हॉटेल आपलंच."

आता 'प्रवेश मोफत' म्हणजे काय ते सांगतो. तुम्हांला वाटेल, दार उघडं असतं, आपण आत जायचं. किती भोळे हो तुम्ही!

पहिल्या रविवारी दुपारी नोंदणी उघडली आणि एलिहिओनं चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत बंद झाली. जागा भरल्या. जगभरातली रिकामटेकडी माणसं एका फुकटच्या खुर्चीसाठी बोट टेकवून बसलेली. त्याच्या पुढच्या रविवारी हा तासभर आधीपासून चष्मा लावून बसला, तर ऐन वेळी लाईट गेली. दुकानात इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर फ्रिज.

"नेरेइदा, दोन मिनिटं या डब्याला जोड ना," एलिहिओ गयावया करत म्हणाला.

"आणि बिअर गरम झाली तर लोक मला कच्ची खातील. तुझा पोकर गेला खड्ड्यात."

तिचं बरोबरच होतं. या गल्लीत माझ्याशिवाय चालतं, थंड बिअरशिवाय नाही. माझा अपमान झाला का? झाला. पण मला विचारतो कोण?

पुढच्या खेपेला लाईट होती, जागा होती, एलिहिओचं बोटही वेळेवर पडलं. तर पडद्यावर प्रश्न आला: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. खाली नऊ चित्रं. ज्या चित्रांत बस आहे ती निवडा.

अहो, उभा जन्म बस चालवलेल्या माणसाला हा प्रश्न! एलिहिओ हसलाच. त्यानं बस निवडली. मग व्हॅन निवडली. मग मागे फळ्या टाकलेला टेम्पो निवडला. मग एक जुनी जीपसुद्धा.

"चूक," वास्कर म्हणाला. "लाल आलं बघ."

"चूक कशी? या टेम्पोत मी स्वतः माणसं बसवून गावोगाव फिरलोय. यात चौदा माणसं बसतात, कोंबड्या वेगळ्या!"

"त्यांना तशी बस नकोय रे."

"मग कशी हवीय? ज्यात माणसं बसतात ती बस. आणि ही बघ, ही मोठी लांबलचक, ही रिकामी उभी आहे. रिकामी गाडी ती कसली ग्वाग्वा? ही मी निवडणार नाही."

नवी चित्रं आली. पुन्हा तोच वाद. त्या यंत्राचं म्हणणं, हा माणूस नाही. एलिहिओचं म्हणणं, यंत्राला बस कळत नाही. दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिले आणि स्पर्धा सुरू होऊन गेली. क्रुसिता दुकानाच्या पायरीवर घेवड्याचे दाणे सोलत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "माणूस ठरलास का?" एलिहिओनं चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

त्यानंतरच्या रविवारपासून तर पासवर्ड लागायला लागला. प्रवेश मोफत, पण पासवर्ड गुप्त! तो कळणार कसा? तर एका चकचकीत दातांच्या माणसाचा कार्यक्रम बघायचा. तो दोन तास स्वतःविषयी बोलणार आणि मध्येच कधीतरी पासवर्ड सांगणार. कधी ते सांगणार नाही. सांगितलं तर लोक बाकीचं कशाला ऐकतील? आमच्या एलिहिओनं त्याचं बालपण ऐकलं, त्याचं पहिलं प्रेम ऐकलं, त्याच्या कुत्र्याचं आजारपण ऐकलं. शेवटी पासवर्ड मिळाला. टाकला. चालेना. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सगळं करून झालं. मग वास्करनं बघितलं, तर कार्यक्रम गेल्या रविवारचा. कुत्रा एव्हाना बरासुद्धा झाला असेल.

पण चिकाटी बघा. एका रविवारी आला बुवा आत! गल्लीत आरोळी उठली. वास्कर कॉफी आणायला धावला. पहिलीच पानं वाटली आणि टेबलावरच्या सगळ्यांनी पानं न बघताच आपल्या सगळ्या चकत्या मध्ये ढकलल्या. फुकटच्या चकत्या, कुणाच्या बापाचं काय जातंय? एलिहिओला वाटलं अशीच रीत असेल. त्यानंही ढकलल्या. वास्कर कॉफी घेऊन आला तेव्हा हा बाहेर.

"संपलं?" वास्करनं विचारलं. "अरे, साखर तरी विरघळू द्यायचीस."

आणखी एकदा तो बराच टिकला. दुपारभर खेळला, मान अवघडली, आणि बक्षीस मिळालं. काय? दुसऱ्या एका मोफत स्पर्धेचं मोफत तिकीट. ती स्पर्धा केव्हा होती? आत्ता हा खेळत होता तेव्हाच. होऊन गेली. मला हसू आलं असतं, पण राउटरला तशी सोय नाही.

या सगळ्या काळात क्रुसितानं एक गोष्ट केली. पिवळ्या कापडाचा एक झगा शिवला. नेरेइदानं विचारलं, "कुणाचं लग्न गं?"

"कुणाचं नाही. कापड पडून होतं."

पण मी ऐकत होतो ना. ती फोनवर लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणीला विचारायची, अगं, पुढच्या दालनातली फरशी फार घसरडी आहे म्हणतात, खरं का? सपाट चप्पल घातली तर चालेल का? पिवळा रंग तिथे उठून दिसेल ना? एलिहिओ बाहेर बसून खुर्चीसाठी झुरत होता आणि ही मनानं केव्हाच आत पोचली होती. ते ऐकून मला एलिहिओचा राग यायचा. माणसानं असला शब्द देऊच नये. आणि दिला तर लोकांच्या फुकटच्या खेळांवर टाकू नये.

शेवटचा रविवार जाहीर झाला. यानंतर ती स्पर्धा नाही, हॉटेलची खोली नाही. वास्कर कात्री खाली ठेवून म्हणाला, "लेका, डोमिनो कधी एकट्यानं खेळलायस?"

"नाही. जोडीदार लागतो."

"मग हे एकट्यानं खेळ असं कुणी सांगितलं? आपण सगळे शिरू. जो आत जाईल त्यानं तुझ्यासाठी खेळायचं."

झालं! अख्खी गल्ली कामाला लागली. पुढच्या गल्लीतली शिंपीण, तिचा भाऊ, मासेवाला, नेरेइदा स्वतः, सगळे मिळून बारा जण. प्रत्येकानं खातं उघडलं. खातं उघडताना पत्ता विचारतात. आता या वस्तीत घरांना नंबर नाहीत आणि कुणाला त्याची उणीवही भासत नाही. टपालवालासुद्धा दुकानात येऊनच ओरडतो. सगळ्यांनी तोच पत्ता लिहिला जो त्यांचे आईबाप लिहीत आले: नेरेइदाचं कोलमादो, बदामाच्या झाडापाशी. शिंपीण तर मुद्दाम विचारायला आली, स्पेलिंग चुकू नये म्हणून.

आणि सगळ्यांना माझ्याच पोटातून जायचं होतं. मी गरम झालो, पण पडलो नाही. त्या दिवशी लाईटनंसुद्धा दगा दिला नाही.

काय तो खेळ! बदामाखाली बारा फोन, बारा डोकी, आणि सल्ले बाराशे. एकेक जण बाहेर पडायचा आणि लगेच तज्ज्ञ व्हायचा. मासेवाला तर पहिल्याच डावात गेला आणि मग संध्याकाळपर्यंत सगळ्यांना शिकवत होता. शेवटी टेबलावर मोजकी माणसं उरली, त्यांत एलिहिओ आणि वास्कर. वास्करकडे चकत्यांचा ढीग. त्यानं कपाळ खाजवलं. डोमिनोत ही त्यांची जुनी खूण, 'तू घे' म्हणून. एलिहिओनं पैज लावली, वास्करनं वाढवली, एलिहिओनं आणखी वाढवली आणि वास्करनं हातातली चांगली पानं टाकून दिली. सगळा ढीग जोडीदाराच्या पदरात. लबाडी? छे! इथल्या माणसाला विचारा, जोडीदाराला पुढे न काढणं ही लबाडी.

शेवटचं पान उलटलं. एलिहिओ उठला आणि डोमिनोची शेवटची सोंगटी आपटतात तसा त्यानं फोन टेबलावर आपटला. "कापिकूआ!" एकाच सोंगटीनं दोन्ही टोकं जुळवून डाव जिंकला की इथे असं ओरडतात.

फोनची काच गेली. पण काचेखाली रंगीत कागदांचा पाऊस पडत होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अभिनंदन, विजेते!

क्रुसिता ओल्या हातांनी धावत आली. बघितलं, घरी गेली, आणि परत आली ती पिवळा झगा घालून. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. नेरेइदानं फ्रिज उघडला आणि म्हणाली, "घ्या मेल्यांनो, आज माझ्याकडून." असं ती पूर्वी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. क्रुसिता एका जागी उभी होती, झग्यावर बिअर सांडू नये म्हणून हात लांब धरून. आणि एलिहिओ रडत होता, सरळ रडत होता, मिश्या पुसत.

मग पत्र आलं. या कंपन्यांची भाषा किती गोड असते म्हणून सांगू! 'प्रिय खेळाडू, आमच्या तपासणीत असं दिसून आलं आहे की आपल्या घरातून बारा जण एकाच वेळी खेळत होते. सर्वांचं इंटरनेट एक आणि पत्ताही एक. नियमानुसार एका घरातून एकालाच प्रवेश आहे. सबब आपलं बक्षीस रद्द करण्यात येत आहे. आपल्या खिलाडूवृत्तीबद्दल मनःपूर्वक आभार.'

एलिहिओनं ते एकदाच वाचलं.

मग सुरू झाली दाद मागणं. पलीकडे एक मदतनीस होती, लुसिया नावाची. चौकशी केल्यावर कळलं की तीसुद्धा यंत्रच. म्हणजे बघा, एलिहिओला आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं लागलं, लुसियाला कुणी विचारलं नाही.

"अगं बाई, हे घर नाही, गल्ली आहे!" एलिहिओ तिला लिहायचा आणि लिहिता लिहिता ओरडायचा.

'आपण वेगवेगळ्या घरांत राहता याचा पुरावा पाठवावा,' लुसिया लिहायची.

पुरावा म्हणून यांनी काय पाठवावं? फोटो. बाराही जण दुकानासमोर ओळीनं उभे राहिले, केस विंचरून, आणि प्रत्येकानं हात लांब करून आपापल्या घराकडे बोट दाखवलं. मासेवाल्यानं चुकून वास्करच्या दुकानाकडे दाखवलं, म्हणून फोटो परत काढला. मी तो मोठ्या काळजीनं पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर: 'आपल्या कुटुंबाचा सुंदर फोटो पाठवल्याबद्दल धन्यवाद. यावरून आमच्या निष्कर्षाला पुष्टी मिळते. आपल्या जोडणीवर कायमची बंदी घालण्यात येत आहे.'

बंदी एलिहिओवर नाही, वास्करवर नाही. माझ्यावर! मी एकही पान खेळलो नव्हतो.

"हा डबाच पांढऱ्या पायाचा," वास्कर म्हणाला. अहो, इंटरनेटवरचा पत्ता माझा नसतो, वायर टाकणाऱ्या कंपनीचा असतो. पण ऐकतो कोण? नेरेइदानं नवा राउटर आणला, पांढरा, दोन शिंगांचा. मला खिळ्यावरून उतरवलं. काही दिवस अंड्यांच्या ट्रेवर वजन म्हणून होतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, टेबलाचा पाय तोकडा आहे.

इथूनच मी पुढचं ऐकलं. एलिहिओ त्या दिवसांत डोमिनोसुद्धा हरत होता. सोंगट्या हातात धरून नुसता बसायचा. एका दुपारी क्रुसिता गुडघे धरत आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"त्यांनी काय लिहिलं होतं? ते घराचं."

"जाऊ दे ना, म्हातारे."

"वाच म्हणते ना."

त्यानं फुटक्या काचेतून वाचलं. आपल्या घरातून बारा जण.

"बरं," क्रुसिता म्हणाली. "मग येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी अंघोळ करून तयार राहायचं. एलिहिओ, तुझ्या जुन्या मालकाकडून गाडी माग."

"कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे? झगा शिवून ठेवलाय मी. त्यांनी बोलावलं नाही म्हणून काय त्यात कसर लागू देऊ?"

"क्रुसिता, नोंदणी नाही, खोली नाही. आत कोण घेणार आपल्याला?"

"तू गाडी लाव पुढच्या दाराशी. लावायचास ना रोज? तेवढंच कर. पुढचं माझं मी बघते."

रविवारी गल्ली रिकामी झाली. नेरेइदानं दुकानाला कुलूप लावलं. एलिहिओनं जुना गणवेशाचा शर्ट घातला होता, पोटावर बटण लागत नव्हतं. बाकीच्यांनी उन्हाळी टोप्या आणि काळे चष्मे चढवले, पाहुणे दिसावेत म्हणून. मासेवाल्यानं गळ्यात कॅमेऱ्याची नुसती पेटी अडकवली होती. गाडी गेली आणि बदामाखाली मी आणि नेरेइदाची मांजर राहिलो.

अंधार पडायच्या आत परत आले आणि सगळे एकदम बोलायला लागले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं एलिहिओला ओळखलं म्हणे. "काय रे, परत कामाला लागलास?" असं विचारून त्यानं आडवा दांडा वर केला. गाडीत डोकावलासुद्धा नाही. वास्कर पाहुण्यासारखं हात हलवत होता. शिंपीण भीतीनं सीटखाली बसली. हे सगळं तीन-चार वेळा सांगून झालं, दर वेळी पहारेकरी आणखी उंच होत गेला.

"मग? आत गेलात का सगळे?" कोपऱ्यावरच्या म्हातारीनं विचारलं. ती सोबत गेली नव्हती.

"आम्ही गाडीतच बसलो," एलिहिओ म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "ही एकटीच उतरली. मला म्हणाली, तू दार उघड गाडीचं, जसं त्यांच्यासाठी उघडायचास. मी उघडलं. हात दिला. ती गेली."

आता सगळे क्रुसिताकडे बघायला लागले. ती खुर्चीत टेकली. मला तिच्या सपाट चपला दिसत होत्या आणि पिवळ्या झग्याची किनार.

"दारात एक पोरगा होता ट्रे घेऊन," ती म्हणाली. "नवा असेल, मला ओळखत नव्हता. म्हणाला, आपल्या घरी आपलं स्वागत आहे, बाईसाहेब. आणि ते सरबत दिलं, छत्रीवालं. मी तिथल्या कोचावर बसून सगळं प्यायले. सावकाश. फरशी खरंच घसरडी आहे. समोर समुद्र दिसतो, खोटं नाही."

"कुणी उठवलं नाही तुला?" नेरेइदानं विचारलं.

"नाही. ते दार काचेचं आहे. समोर उभं राहिलं की आपोआप सरकतं. मी त्या पोराला विचारलं, बाबा, रात्री हे किती वाजता बंद करता? तो हसायला लागला. म्हणाला, बाईसाहेब, याला कडीकुलूपच नाही. हे बंदच होत नाही." तिनं झग्याची किनार सारखी केली. "मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला मोठं कुलूप असेल."

एलिहिओनं हात पुढे करून तिचा हात धरला आणि धरूनच बसला. मग त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिलं, आणि सवयीनं मोठ्यांदा वाचलं: 'प्रिय खेळाडू, तुमची आठवण येते! परत या! प्रवेश मोफत!' म्हणजे बंदी मला कायमची, आणि आमंत्रणही कायमचंच. त्यानं फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "कुणाची पाळी?"

तर अशी माझी कहाणी. आता एकच मागणं आहे. मला इथून काढू नका. टेबल डगमगेल, आणि वास्कर हरला की टेबलालाच दोष देतो. पांढऱ्या राउटरला माझा नमस्कार सांगा, त्याला अजून बरेच रविवार काढायचे आहेत. माझ्या पोटावरची ती चिकटपट्टी अजून शाबूत आहे. तिच्यावरच्या पासवर्डनं आता कुठलंच दार उघडत नाही. वाचावासा वाटला तर वाका आणि खुशाल वाचा. प्रवेश मोफत आहे.